गणती, हजेरीपट आणि सातबारा : खानदेशातील स्त्रीश्रमाचा अभ्यास

तापी, गिरणा आणि पांझरा या नद्यांच्या खोऱ्यांत वसलेल्या खानदेशाचे अर्थकारण प्रामुख्याने शेतीवर उभे आहे. १९०६ मध्ये जुन्या खानदेश जिल्ह्याचे पूर्व व पश्चिम असे दोन भाग झाले. महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर ते अनुक्रमे जळगाव व धुळे या नावांनी ओळखले जाऊ लागले आणि १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून नंदुरबार हा स्वतंत्र जिल्हा निर्माण झाला. प्रस्तुत लेखात १९९८ पूर्वीच्या घटनांच्या संदर्भात ‘धुळे जिल्हा’ असा उल्लेख आला असेल, तेथे शहादा, तळोदे, अक्कलकुवा, अक्राणी हे तालुकेही त्यात धरावेत.

या भागातील काळ्या जमिनीत कापूस पिकतो, तापीकाठी केळीच्या बागा आहेत, तर साक्री, शिंदखेडा, पारोळा अशा तालुक्यांचे बरेचसे क्षेत्र पावसाच्या भरवशावर असते. या सर्व ठिकाणी स्त्री शेतात राबते, याविषयी कोणाचेही दुमत होणार नाही. मतभेद आहे तो तिच्या श्रमाची नोंद कोठे व कशी होते, याविषयी. शासनाच्या दृष्टीने एखाद्या ग्रामीण स्त्रीचे अस्तित्व मुख्यतः तीन कागदांवर उमटते : जनगणनेचे पत्रक, रोजगार हमीच्या कामावरील हजेरीपट आणि जमिनीचा सातबारा उतारा. ज्या कागदावर तिचे नाव असेल, त्या कागदाच्या आधारे दिल्या जाणाऱ्या सोयी तिच्यापर्यंत पोहोचतात. ज्यावर नसेल, त्या सोयी तिच्या घरापर्यंत येऊनही तिच्या हाती पडत नाहीत. स्त्री-पुरुष समतेसंबंधी गेल्या पन्नास-साठ वर्षांत विद्यापीठांतून व संशोधन संस्थांतून जे संशोधन झाले, त्याचा मोठा भाग हे कागद कसे लिहिले जातात, याची तपासणी करण्यात खर्ची पडला आहे. वरवर नीरस वाटणारे हे काम किती दूरवर परिणाम करते, ते खानदेशच्या उदाहरणावरून पाहण्यासारखे आहे.

शेतातील कामाची वाटणी

नांगरणी, वखरणी, फवारणी व पिकाला पाणी देणे ही कामे पुरुषांची. निंदणी, खुरपणी, विरळणी व वेचणी ही कामे स्त्रियांची, असा कापसाच्या शेतातील संकेत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे. केळीच्या बागेत घड कापण्याचे व वाहण्याचे काम पुरुषांच्या टोळ्यांकडे असते. गावात जो सालदार ठेवला जातो, तोही पुरुषच. त्याची पत्नी मालकाच्या गोठ्यात झाडलोट करीत असली, तरी सालाचा ठराव होतो तो तिच्या पतीशी.

या वाटणीमुळे मजुरीच्या प्रश्नाला एक निराळेच वळण मिळते. समान काम किंवा समान स्वरूपाचे काम करणाऱ्या स्त्री-पुरुषांना समान वेतन द्यावे, असे बंधन १९७६ च्या समान वेतन अधिनियमाने घातले. पुढे २०१९ च्या वेतन संहितेत त्या तरतुदींचा समावेश झाला. कारखान्यात एकाच यंत्रावर स्त्री व पुरुष काम करीत असतील, तर तुलना सोपी असते. शेतात मात्र निंदणी करणारा पुरुष आणि औत हाकणारी स्त्री सहसा आढळत नाही. कामेच वेगळी असल्यामुळे तुलनेला आधार उरत नाही आणि कायद्याचा भंग न होताही मजुरीतील तफावत कायम राहते. वेचणीची मजुरी वजनावर दिली जाते. तेथे किलोचा दर स्त्री-पुरुष दोघांनाही एकच असतो, असे सांगितले जाते व ते खरेही असते. परंतु ज्या कामाला पुरुष येतच नाही, त्या कामाचा ‘एकच दर’ म्हणजे प्रत्यक्षात बाईचाच दर होय.

‘हलके काम’ आणि ‘जड काम’ हे शब्दही तपासून पाहिले पाहिजेत. कमरेला फडके बांधून, सकाळपासून उन्हे उतरेपर्यंत वाकून कापूस वेचणे हे काम हलके म्हणावयाचे, तर तो हलकेपणा कामाचा आहे की ते करणाऱ्या व्यक्तीविषयीच्या समजुतीचा, असा प्रश्न पडतो.

गणतीतील प्रश्न

गणतीचा कागद या तिहींत सर्वांत जुना आहे आणि अभ्यासकांनी त्याचीच सर्वाधिक चिकित्सा केली आहे. १९६१ च्या जनगणनेत देशातील स्त्रियांपैकी सुमारे २८ टक्के स्त्रिया काम करणाऱ्या म्हणून नोंदल्या गेल्या. दहा वर्षांनी, १९७१ मध्ये, हे प्रमाण एकदम निम्म्यावर आले. १९८१ मध्ये ते पुन्हा वाढून २० टक्क्यांच्या आसपास गेले. दहा वर्षांत देशातील निम्म्या कष्टकरी स्त्रियांनी शेत सोडून घर धरले आणि पुढील दहा वर्षांत त्यांतील काही परतल्या, असे कोणी म्हणणार नाही. मग बदलले काय? बदलला तो प्रश्न.

१९६१ मध्ये हंगामी कामाच्या बाबतीत, हंगामाच्या बहुतांश काळात दिवसाला एका तासाहून अधिक नियमित काम करणारी व्यक्ती कामकरी मानली गेली. १९७१ मध्ये प्रत्येकाचा ‘मुख्य उद्योग’ विचारण्यात आला. घरकाम हाच जिचा मुख्य उद्योग नोंदला गेला, ती शेतात राबत असली तरी मुख्यतः काम न करणाऱ्यांच्या गटात गेली. १९८१ मध्ये वर्षातून १८३ दिवस वा अधिक काम करणारे ते मुख्य कामकरी आणि त्याहून कमी काम करणारे ते सीमांतिक कामकरी, असा भेद करण्यात आला. १९९१ मध्ये प्रश्नातच ‘शेतावर किंवा कौटुंबिक व्यवसायात केलेले बिनमोबदला काम धरून’ असे शब्द घालण्यात आले. २००१ मध्ये तर घरच्या वापरापुरते दूध काढणाऱ्या व्यक्तीचाही कामकऱ्यांत समावेश झाला. प्रश्नातील एकेका शब्दामुळे लक्षावधी स्त्रिया काम करणाऱ्या ठरल्या किंवा ठरल्या नाहीत.

याशिवाय प्रश्न कोण विचारतो आणि उत्तर कोण देतो, यावरही पुष्कळ अवलंबून असते. प्रगणक बहुधा पुरुष. उत्तर देणारा घरातील कर्ता पुरुष. “मंडळी काय करतात?” या प्रश्नाला “काही नाही, घरीच असतात” असे उत्तर येते. ते खोटे बोलण्याच्या हेतूने दिलेले नसते. घरच्या शेतात केलेले काम हे त्याच्या मते काम नव्हेच. तो घरकामाचाच विस्तार होय. स्वतः स्त्रीला विचारले तरी पुष्कळदा हेच उत्तर मिळते. ज्या कुटुंबांत स्त्रीने शेतात न जाणे हे प्रतिष्ठेचे लक्षण मानले जाते, तेथे तर हे उत्तर आग्रहाने दिले जाते.

हा दोष केवळ आपल्या गणतीचा आहे असे नव्हे. २०२३ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळालेल्या क्लॉडिया गोल्डिन यांनी अमेरिकेतील जुन्या गणत्या तपासल्या, तेव्हा विवाहित स्त्रियांच्या नावापुढे व्यवसाय म्हणून बहुधा ‘पत्नी’ एवढेच लिहिलेले त्यांना आढळले. शेतात व घरगुती उद्योगांत पतीबरोबर राबणाऱ्या स्त्रियांची मोजदाद त्यांनी इतर साधनांच्या आधारे नव्याने केली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस काम करणाऱ्या विवाहित स्त्रियांचे खरे प्रमाण गणतीत दाखविलेल्या प्रमाणाच्या जवळजवळ तिप्पट असल्याचे त्यातून दिसून आले.

आपल्याकडेही या दिशेने विचार फार पूर्वी सुरू झाला होता. पुण्याच्या गोखले राजकारण व अर्थशास्त्र संस्थेचे संस्थापक-संचालक धनंजयराव गाडगीळ यांचे भारतातील श्रमिक स्त्रियांवरील विवेचन १९६५ मध्ये प्रसिद्ध झाले. १९७१ मध्ये केंद्र शासनाने स्त्रियांच्या दर्जाविषयी एक समिती नेमली. फुलरेणू गुहा अध्यक्ष आणि वीणा मजुमदार सदस्य-सचिव असलेल्या या समितीने १९७४ च्या अखेरीस ‘समतेकडे’ या अर्थाच्या शीर्षकाचा जो अहवाल सादर केला, त्याने अर्थव्यवस्थेतील स्त्रियांच्या घसरत्या स्थानाकडे देशाचे लक्ष वेधले. त्याच वर्षी मुंबईच्या श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठात नीरा देसाई यांच्या पुढाकाराने स्त्रीविषयक संशोधनाचे केंद्र सुरू झाले. पुढे देवकी जैन व त्यांच्या सहकाऱ्यांनी राजस्थान व पश्चिम बंगालमधील खेड्यांत स्त्रीच्या दिवसाचा तासातासाचा हिशेब मांडून पाहिला आणि गणतीच्या प्रश्नावलीत जी ‘काही करीत नाही’, ती प्रत्यक्षात किती करते, हे दाखवून दिले.

दिवसाचा हिशेब मांडण्याची ही पद्धत आता शासकीय पाहणीतही रूढ झाली आहे. २०१९ च्या राष्ट्रीय वेळवापर पाहणीत असे आढळले की, बिनमोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे खर्च करतात. घरकाम करणाऱ्या पुरुषांचा हाच वेळ ९७ मिनिटांचा आहे. पण या सरासरीआड आणखी एक गोष्ट लपलेली आहे. असे घरकाम करणाऱ्या स्त्रिया शंभरात ८१ होत्या. पुरुष मात्र शंभरात २६ च.

जळगावजवळील आसोदे येथे १८८० मध्ये जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी यांनी १९५१ पर्यंतचे आपले आयुष्य शेतात व घरात राबण्यात घालविले. त्यांच्या ओव्या व गाणी इतरांनी लिहून घेतली नसती, तर त्यांचे काव्यही नोंदीवाचून राहिले असते. १९९० मध्ये जळगाव येथे स्थापन झालेल्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला २०१८ मध्ये त्यांचे नाव देण्यात आले. जाते, चूल, गोठा आणि शेत यांत सीमारेषा नसलेले असे आयुष्य गणतीच्या कोणत्या रकान्यात बसवावयाचे, हा प्रश्न त्या विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी अवश्य हाती घ्यावा असा आहे.

हजेरीपटावरील नाव

दुसरा कागद हजेरीपटाचा. १९७२ च्या भीषण दुष्काळात राज्यात ठिकठिकाणी खडी फोडण्याची, रस्त्यांची व पाझर तलावांची कामे निघाली, तेव्हा कामावर येणाऱ्यांत स्त्रियांची संख्या पाहून अनेकांना आश्चर्य वाटले. गणतीनुसार ज्या ‘काम करीत नव्हत्या’, त्याच स्त्रिया घमेले घेऊन रांगेत उभ्या होत्या. विधान परिषदेचे तत्कालीन सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतून साकार झालेली रोजगार हमी योजना याच सुमारास राज्यभर लागू झाली. तिला कायद्याचे स्वरूप देणारा अधिनियम विधिमंडळाने १९७७ मध्ये संमत केला व तो २६ जानेवारी १९७९ पासून अंमलात आला. मागेल त्याला काम, अठरा वर्षांवरील कोणाही ग्रामीण प्रौढास काम, आणि स्त्री व पुरुष यांना एकच दर, ही तिची वैशिष्ट्ये होती.

‘एकच दर’ या शब्दांचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. योजनेवरील मजुरी बहुधा कामाच्या मापावर ठरे. इतकी माती खोदली, इतक्या अंतरावर वाहिली, तर इतके पैसे. मातीचे माप घेणाऱ्या अभियंत्याला ती कोणी वाहिली याच्याशी कर्तव्य नसते. गावच्या मजुरीत ‘गड्याचा रोज’ आणि ‘बाईचा रोज’ हा भेद ज्या पिढीने जन्मापासून पाहिला होता, तिला हा अनुभव नवा होता. काम नसण्याच्या दिवसांत, म्हणजे रब्बीची सुगी आटोपल्यापासून पेरणीपर्यंत, जवळपास मिळणारे हे काम स्त्रियांनी मोठ्या संख्येने स्वीकारले. या योजनेच्या पहिल्या दशकातील पाहण्यांत मजुरांतील स्त्रियांचे प्रमाण चाळीस टक्क्यांच्या आसपास आढळले. गोखले संस्थेतील कुमुदिनी दांडेकर यांनी तर स्त्रियांच्या रोजगाराची एक संधी म्हणूनच या योजनेचा अभ्यास केला व तो १९८३ मध्ये प्रसिद्ध झाला.

अकोला जिल्ह्यातील कान्झरा व सोलापूर जिल्ह्यातील शिरापूर यांसारख्या गावांत आंतरराष्ट्रीय अर्धशुष्क उष्णकटिबंधीय पीक संशोधन संस्थेने १९७५ पासून जो दीर्घकालीन अभ्यास केला, त्याची पद्धत येथे विशेष उल्लेखनीय वाटते. संस्थेचे अन्वेषक गावातच राहत व दर काही आठवड्यांनी त्याच कुटुंबांकडून कामाच्या दिवसांची माहिती घेत. “गेल्या वर्षी किती दिवस काम केले?” असे विचारण्याऐवजी “मागच्या वेळी मी आलो होतो, त्यानंतर काय काय केले?” असे विचारल्यास स्त्रीचे दिवस स्मरणातून गळत नाहीत.

योजनेतील त्रुटीही अभ्यासकांच्या नजरेतून सुटल्या नाहीत. माप गटाचे घेतले जाई. पुरुषाने खोदावयाचे व त्याच्या पत्नीने वाहावयाचे, अशा जोडीच्या कामाचे पैसे एकत्र हिशेबले जात आणि वाटपाच्या दिवशी अनेकदा पुरुषाच्या हाती पडत. म्हणजे हजेरीपटावर स्त्रीचे नाव आले, तरी मजुरी तिच्या हाती येईलच असे नव्हते. २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्याखाली पुढे बँक व टपाल खात्यांमार्फत मजुरी देण्यास आरंभ झाला, तेव्हा खाते कोणाच्या नावे, हा प्रश्न म्हणूनच कळीचा ठरला.

या कायद्यातील एक तरतूद वाचकांच्या ध्यानात आणून द्यावीशी वाटते. कामाच्या जागी मजूर स्त्रियांबरोबर सहा वर्षांखालील पाच किंवा अधिक मुले असतील, तर त्यांना सांभाळण्यासाठी त्या स्त्रियांपैकी एकीची नेमणूक करावी व तिला मजुरी द्यावी, असे त्यात म्हटले होते. मूल सांभाळणे हे काम घरी केले, तर गणती त्याला काम मानीत नाही. तेच बांधाच्या कडेला, कडुनिंबाच्या सावलीत केले, तर ते हजेरीपटावर चढते. अशा नेमणुका किती ठिकाणी झाल्या, हा अंमलबजावणीचा वेगळा विषय. परंतु मूल सांभाळणे हे मोबदल्यास पात्र असे काम आहे, हे कायद्याने एकदा तरी मान्य केले.

शहाद्याचा अनुभव

हजेरीपटाच्या संदर्भात तत्कालीन धुळे जिल्ह्यातील शहादा तालुक्याची आठवण होणे स्वाभाविक आहे. तापीकाठच्या या सुपीक भागात भिल्ल आदिवासींच्या जमिनी हळूहळू इतरांच्या ताब्यात गेल्या आणि जमिनीचे जुने धनी त्याच जमिनीवर सालदार व मजूर झाले. आदिवासी कार्यकर्ते अंबरसिंग सुरतवंती यांनी सुरू केलेल्या जागृतीतून १९७२ मध्ये श्रमिक संघटना उभी राहिली. मजुरीवाढ, दुष्काळी कामे व गेलेल्या जमिनी परत मिळविणे, या तिच्या मागण्या होत्या. १९७३ च्या सुमारास या चळवळीतील स्त्रियांनी एक निराळाच प्रश्न पुढे आणला. गावोगावी जाऊन त्यांनी दारूची मडकी फोडली आणि मारहाण करणाऱ्या नवऱ्यांना जाब विचारला.

जर्मन समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांनी या चळवळीवर लिहिलेला निबंध १९७६ मध्ये शेतकरीविषयक अभ्यासाच्या एका आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला आणि शहादा हे नाव जगभरच्या अभ्यासकांना परिचित झाले. आपल्या विषयाच्या दृष्टीने यातील महत्त्वाचा मुद्दा असा की, मजुरीचा दर वाढवून घेण्यासाठी स्त्रिया पुरुषांच्या बरोबरीने लढल्या. पण वाढलेली मजुरी गुत्त्यावर जात असेल, तर त्या लढ्याचा लाभ घरात पोहोचत नाही, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होते. मजुरी उंबऱ्याच्या आत आल्यानंतर तिचे काय होते, हा प्रश्न श्रमविषयक धोरणात त्या काळी फारसा विचारला जात नसे. आदिवासी मजूर स्त्रियांनी तो कृतीने विचारला.

सातबाऱ्यावरील नाव

तिसरा कागद सर्वांत महत्त्वाचा आणि स्त्रीसाठी सर्वांत दुष्प्राप्य. पीककर्ज, नुकसानभरपाई, विहिरीसाठी अनुदान, सहकारी सोसायटीचे सभासदत्व या सर्वांचा मार्ग सातबाऱ्यावरून जातो. बीना अगरवाल यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात दक्षिण आशियातील स्त्रिया व जमीन यांचा साकल्याने विचार केला असून, स्त्रीच्या आर्थिक स्थानात नोकरी वा मजुरीपेक्षाही जमिनीवरील स्वतंत्र हक्काला अधिक महत्त्व आहे, असे आग्रहाने प्रतिपादिले आहे. २०१५-१६ च्या कृषिगणनेनुसार देशातील वहितीदारांत स्त्रियांचे प्रमाण सुमारे १४ टक्केच होते. शेतात राबणाऱ्या हातांशी या आकड्याची तुलना करून पाहावी.

या बाबतीत जळगाव जिल्ह्यातील विटनेर या गावाचे नाव आवर्जून घेतले जाते. शेतकरी संघटनेने १९८६ मध्ये नाशिक जिल्ह्यातील चांदवड येथे शेतकरी महिलांचे विशाल अधिवेशन भरविले आणि त्यानंतर शरद जोशी यांनी ‘लक्ष्मीमुक्ती’चा कार्यक्रम मांडला. गावातील शंभर शेतकऱ्यांनी आपल्या जमिनीचा काही भाग स्वेच्छेने पत्नीच्या नावे केला, तर ते गाव लक्ष्मीमुक्त म्हणून जाहीर करावयाचे, असे त्याचे स्वरूप होते. १९९० च्या सुमारास विटनेर येथील शंभराहून अधिक कुटुंबांनी ही अट पूर्ण केली. जमीन देणारे धनाढ्य बागाईतदार नव्हते. सामान्य शेतकरी होते. पतीने जिवंतपणी, कोणत्याही कायद्याच्या सक्तीवाचून, पत्नीला जमिनीची मालक करावे, ही गोष्ट त्या काळी नवलाची होती. शासनानेही तिची दखल घेतली. १९९२ मध्ये महसूल विभागाने परिपत्रक काढून, पतीने अर्ज केल्यास पत्नीचे नाव सहहिस्सेदार म्हणून सातबाऱ्यावर लावण्याची सोय केली.

१९९४ मध्ये राज्याने आपले पहिले महिला धोरण जाहीर केले. त्याच वर्षी २२ जूनपासून हिंदू उत्तराधिकार कायद्यातील महाराष्ट्राची सुधारणा अंमलात आली व कन्येला जन्मतःच वडिलोपार्जित मिळकतीत पुत्राइतका हिस्सा मिळाला. मात्र त्या तारखेपूर्वी विवाह झालेल्या कन्यांना या सुधारणेचा लाभ नव्हता. ती मर्यादा २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने दूर झाली. पत्नीचा प्रश्न लक्ष्मीमुक्तीने हाताळला, तर कन्येचा कायद्याने, असे स्थूलमानाने म्हणता येईल.

पण खानदेशातील सर्व स्त्रियांना हे लागू पडत नाही. हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या दुसऱ्या कलमानुसार, केंद्र शासनाने तशी अधिसूचना काढल्याखेरीज, तो अनुसूचित जमातींना लागू होत नाही. सातपुड्यातील भिल्ल व पावरा स्त्रियांच्या बाबतीत वारसा रूढीवर सोपविला जातो. धोरणाच्या शब्दरचनेने काय घडते, याचे आणखी एक ठळक उदाहरण याच डोंगराळ भागातले आहे. सरदार सरोवरामुळे तत्कालीन धुळे जिल्ह्याच्या अक्राणी व अक्कलकुवा तालुक्यांतील ३३ गावे बाधित झाली. पुनर्वसनाचा पाया असलेल्या नर्मदा जल विवाद न्यायाधिकरणाच्या १९७९ च्या निवाड्यात प्रत्येक सज्ञान पुत्र हे स्वतंत्र कुटुंब मानण्यात आले होते. सज्ञान कन्येचा तसा उल्लेख नव्हता. एकाच झोपडीतून उठलेल्या बहीण-भावांपैकी भाऊ ‘कुटुंब’ ठरला आणि बहीण कुटुंबाचा एक घटक राहिली. निवाडा लिहिणाऱ्यांच्या मनात स्त्रियांविषयी आकस असेल असे मानण्याचे कारण नाही. ‘कुटुंब’ या शब्दाची जी व्याख्या सर्वांना सहज सुचते, तीच त्यांनी घातली. संशोधनाचा उपयोग असतो तो नेमका अशा सहज सुचणाऱ्या व्याख्यांपाशी.

त्या तुलनेने २००६ चा वनहक्क कायदा पुढचे पाऊल म्हणावे लागेल. वनजमिनीचा हक्क विवाहित व्यक्तीला दिला, तर तो पती-पत्नी दोघांच्या संयुक्त नावे नोंदवावा, असे या कायद्याच्या चौथ्या कलमातच सांगितले आहे. चोपडा, यावल, रावेर, शिरपूर या तालुक्यांच्या सातपुड्यालगतच्या गावांत या कायद्याचे महत्त्व मोठे आहे. विटनेरमध्ये पतीच्या स्वेच्छेवर अवलंबून असलेली गोष्ट येथे कायद्याने नियम केली.

स्थानिक अभ्यासासाठी काही सूचना

खानदेशातील महाविद्यालयांतून अर्थशास्त्र, समाजशास्त्र व समाजकार्य या विषयांचे विद्यार्थी दरवर्षी प्रबंधिका सादर करतात. त्यांतील बऱ्याच जणांची प्रश्नावली “आपण स्त्री-पुरुष समानतेच्या बाजूने आहात काय?” अशा प्रश्नापासून सुरू होते आणि उत्तरे अर्थातच ‘होय’ अशी येतात. त्यांतून हाती काही लागत नाही. त्यापेक्षा एकच गाव निवडावे व हे तीन कागद एकमेकांशेजारी ठेवावेत. वेचणीच्या हंगामात घरातील स्त्रीला, शक्य तो एकटीला, काल पहाटेपासून रात्रीपर्यंतचा क्रम विचारावा. ‘काम’ हा शब्द आपण होऊन वापरू नये. मजुरीची चौकशी करताना दराबरोबर पैसे कोणाच्या हाती वा कोणत्या खात्यावर आले, तेही टिपावे.

जमिनीसाठी गावच्या फेरफार नोंदवहीइतके बोलके साधन दुसरे नाही. तिच्यात प्रत्येक नाव केव्हा व कोणत्या कारणाने चढले किंवा उतरले, हे लिहिलेले असते. १९९४ नंतरच्या नोंदी घेऊन त्यांत स्त्रीचे नाव वारसाने किती वेळा लागले, खरेदीने किती, वाटणीने वा पतीच्या अर्जावरून किती, हे वेगळे करावे. तसेच वारसाने लागलेले बहिणींचे नाव हक्कसोडपत्राने किती दिवसांत कमी झाले, तेही पाहावे. वडिलांच्या मृत्यूनंतर चार-सहा महिन्यांच्या आत भावांच्या लाभात हक्कसोड झाल्याच्या नोंदी ज्यांनी अशी वही चाळली आहे, त्यांना अपरिचित नाहीत. माहेर तुटू नये म्हणून बहिणी सही करतात, असे सर्वजण सांगतात. सही करताना त्या स्त्रीला आपल्या हिश्श्याचे क्षेत्र व त्याची किंमत ठाऊक होती काय, तिला मोबदला मिळाला काय आणि न मिळाल्यास पुढे विधवा वा परित्यक्ता होऊन ती माहेरी परतली तेव्हा तिला तेथे काय मिळाले, हे प्रश्न घेऊन त्याच नोंदींतील स्त्रियांपर्यंत जाता येते. विटनेरसारख्या गावात याच वहीवरून आणखी एक गोष्ट पडताळता येईल : तीस-पस्तीस वर्षांपूर्वी ज्यांची नावे लागली, त्या स्त्रियांच्या पश्चात ती जमीन त्यांच्या मुलींच्या नावे गेली, की पुन्हा केवळ मुलांच्या.